रातांब्याचे पैसे वाडीतच राहावेत म्हणून

मेच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या वाडीत टेम्पो यायचा. पाणंदीच्या तोंडाशी थांबायचा, दोनदा हॉर्न मारायचा, की बाया डोक्यावर टोपल्या घेऊन धावत सुटायच्या. भाव त्याचा, काटा त्याचा, आणि "ओला माल हा, चार किलो तूट" हेही त्याचंच. संध्याकाळपर्यंत सगळ्या वाडीचे रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, घाटावर निघून जायचे. पुढं चतुर्थीला पाहुणा आला की आम्हीच कुडाळच्या बाजारातून कोकम सरबताची बाटली विकत आणायचो. हे मी पंधरा वर्षं बघितलं. २०१७ साली आम्ही दहाजणींनी बचत गटातून रातांब्यावर प्रक्रिया करायचं आमचं काम सुरू केलं.

आता लोक विचारायला येतात. घाटावरून सीताफळवाले येतात, चिकूवाले येतात. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच: "ताई, मशीन कुठलं घेऊ?" मी सांगते, मशीन सगळ्यात शेवटी. आधी वही घ्या, मग काटा, मग पिंप. मी लिहितेय ते रातांब्याबद्दल, कारण मला तेच येतं. फळ दुसरं असलं तर प्रमाणं बदलतील, पण कामाचा क्रम बहुतेक हाच राहील.

वही

फेब्रुवारीत घरोघर फिरा आणि झाडं मोजा. कोकणात रातांबा कुणी शेत म्हणून लावलेला नसतो. तो बांधावर, व्हाळाच्या कडेला, परसात आपला आपण वाढलेला असतो. त्यामुळे सातबाऱ्यावरून काही कळत नाही. आम्ही वाडीत त्रेसष्ट झाडं मोजली. त्यातली तेवीस नर निघाली, म्हणजे फळ नाहीच. बियांपासून आलेल्या रातांब्यात नर-मादी असा प्रकार असतो आणि फुलं येईपर्यंत काही कळत नाही. म्हणून नवीन लावणार असाल तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या कोकण अमृता किंवा कोकण हातीस जातीची कलमंच घ्या.

नुसती संख्या लिहू नका. प्रत्येक झाडापुढे तीन गोष्टी लिहा: फळ कधी पिकतं, कोण काढतं, मागच्या वर्षी किती निघालं. यातली पहिली सगळ्यात महत्त्वाची. काही झाडं मार्चअखेरीस लाल होतात, काही जूनपर्यंत हिरवीच राहतात. आमच्या वहीत कळलं की तिसरा हिस्सा झाडं २० मेनंतर पिकतात, म्हणजे वळवाच्या तोंडात. तो माल हिशोबात धरायचाच नाही. मिळाला तर वरकड. पहिल्या वर्षी आम्ही एकच टन घेतला आणि लोक हसले. पाच टन घेतला असता तर लोक रडताना बघायला आले असते.

काटा

खरेदीचे नियम हंगामाआधी ठरवून पंचायतीच्या फळ्यावर लावा. आमचे चारच आहेत. काटा वैधमापनचा शिक्का मारलेला. वजन ज्याच्या त्याच्या समोर. गडद लाल फळ घ्यायचं, हिरवट परत द्यायचं. आणि पैसे त्याच संध्याकाळी, रोख. हा शेवटचा नियम मोडलात तर पुढच्या दिवशी टोपली टेम्पोकडं वळेल, आणि ती बाई बरोबर असेल. शाळेच्या वह्या, औषधं आणि पावसाआधीची शाकारणी हे सगळं तिच्या त्याच पैशातून व्हायचं असतं.

दुसऱ्या वर्षी टेम्पोवाल्यानं आमच्यापेक्षा सहा रुपये भाव वाढवला. बाया अवघडून दारात उभ्या. आम्ही सांगितलं, त्याला घाला, आमचा राग नाही. दहा दिवस त्यानं तो भाव दिला, आमची पिंपं अर्धी राहिली, मग भाव पुन्हा खाली आणला. त्यावर्षी आमच्या थोरल्या काकी म्हणाल्या, "गो बाय, दुधवाले दिवाळेक देतत ना फरक, तसो आपण चतुर्थेक देवया." तेव्हापासून गणपतीच्या आठ दिवस आधी वहीतल्या वजनावर किलोमागे तीन रुपये फरक, म्हणजे मागाहूनचा जादा भाव, वाटतो. कोकणात माणसाला पैसा सगळ्यात जास्त लागतो तो चतुर्थीला. टेम्पो त्या दिवसांत येत नाही. आता त्यानं सहा काय आठ रुपये वाढवले तरी पाचसहा घरंच हलतात.

चिरणं घरी की एकत्र

रातांबा चिरायचा, बिया आणि गर वेगळा, साल वेगळी. साल साधारण निम्म्या वजनाची भरते. मला वाटलं, चिरायचं काम घरोघर दिलं तर बायकांना मजुरी घरबसल्या मिळेल आणि आमची वाहतूकही निम्मी होईल. विचार चांगला होता. पहिल्या दिवशी आलेल्या सालांपैकी अर्ध्या काळपट. कुणाला कळेना. तिसऱ्या दिवशी मी एका घरी जाऊन बसले, तर बाई विळीवर भराभर चिरत होती. विळी लोखंडाची. आंबट रस आणि लोखंड जमले की तो सुंदर लाल रंग शाईसारखा होतो. आता प्रत्येक घरी स्टीलची सुरी, झाकणाची बादली आणि पांढरं फडकं आम्ही देतो. चिरायला बसायच्या आधी फळं धुवून सावलीत निथळवायची. चिरलेली साल दोन तासांच्या आत केंद्रावर यायला हवी. ज्यांचं घर लांब आहे त्यांनी अख्खं फळच आणायचं. त्यांना चिरायचं असेल तर केंद्रावर येऊन चिरायचं.

पिंप

इथं पैसा वाचवू नका. बाजारात निळी पिंपं स्वस्तात मिळतात, ती बहुतेक रसायनाची असतात. कितीही धुतली तरी वास जात नाही आणि आत आधी काय होतं ते कुणी सांगत नाही. अन्नासाठीची नवीन, एचडीपीई या जाड प्लॅस्टिकचीच घ्या. आगळासाठी, म्हणजे सालांच्या खारवलेल्या रसासाठी, स्टीलसुद्धा टाळा. मीठ आणि आंबट एकत्र आले की साध्या स्टीलला बारीक खड्डे पडतात. आमच्या एका पातेल्याला पहिल्याच वर्षी सुईच्या टोकाएवढी भोकं पडली. अल्युमिनियमचं तर नावच घेऊ नका.

आता तीन जिन्नस. सोप्याकडून अवघडाकडे जाते.

आगळ सगळ्यात सोपं. सालांच्या थरावर मिठाचा थर, किलोला १५० ते २०० ग्रॅम, गरही त्यात घाला. रोज एकदा लाकडी पळ्यानं ढवळा. आठ-दहा दिवसांत रस सुटतो, तो गाळून पिंपात भरा. शिजवायचं नाही, पाणी घालायचं नाही. आम्ही शिरोड्याचं जाडं मीठ वापरतो, त्याच शिरोड्याचं जिथं १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला. त्यात रेती असते, म्हणून गाळताना तळाची चार बोटं वेगळी काढून दुहेरी कापडातून गाळा. आगळ वर्षभर टिकतं. ज्यांना सोलकढीचं गिऱ्हाईक मिळवता येतं, म्हणजे हॉटेलं, खानावळी, त्यांनी फक्त आगळ केलं तरी चालेल.

आमसुलाला ऊन लागतं. साल वाळवायची, पुन्हा मिठाच्या रसात बुडवायची, पुन्हा वाळवायची. असे पाचसहा दिवस, साल काळी-लाल आणि बोटाला लवचिक लागेपर्यंत. रात्री दव पडतं, म्हणून संध्याकाळी आत घ्या. आमसूल जूनच्या आधी जाड दुहेरी पिशवीत बंद झालंच पाहिजे. उघडं राहिलं तर मीठ हवेतलं पाणी ओढतं, आमसूल पाझरतं आणि पिशवीच्या तळाशी लाल डबकं जमतं. शंभर किलो रातांब्यांतून आमचं आमसूल पंधरा किलोच्याही आत निघतं. भाव ठरवताना हा आकडा विसरू नका.

सरबत मात्र सांभाळून. लोकांना तेच हवं असतं आणि पैसेही त्यात जास्त दिसतात, म्हणून सगळे तिथून सुरुवात करतात. आम्हीही केली.

पद्धत साधी आहे: एक भाग साल, दोन भाग साखर, थरावर थर. रोज ढवळायचं, कारण साखर तळाशी बसते आणि वर पातळ राहतं. सात-आठ दिवसांत साखर विरघळते. मग गाळायचं. २०१८ साली पहिल्यांदा आम्ही दादरच्या एका दुकानात साठ बाटल्या पाठवल्या. दहाव्या दिवशी फोन. "ताई, तुमचं सरबत उड्या मारतंय." झाकणं फुगली होती, दोन उडाली होती, शेजारच्या पापडांवर लाल पाट. साठच्या साठ परत आल्या. येण्याजाण्याचं भाडं आमच्या अंगावर.

कारण शोधायला महिना गेला. त्या आठवड्यात वळीव पडला होता, फळं ओली होती, आणि आम्ही निथळत न ठेवता चिरली होती. पाणी वाढलं, साखर पातळ झाली. आम्ही चाखून बघायचो, गोड लागलं की झालं. पण आंबट पदार्थात जिभेला साखर मोजता येत नाही.

म्हणून ब्रिक्समीटर, म्हणजे रिफ्रॅक्टोमीटर घ्या. हातात मावणारा, दुर्बिणीसारखा. काचेवर एक थेंब टाकायचा, उजेडाकडं धरायचं, निळं-पांढरं जिथं मिळतं तो आकडा वाचायचा. घेताना आकड्यांची मर्यादा बघा. आम्ही पहिला आणला तो ० ते ३२ चा, उसाच्या रसाचा. सरबताचा थेंब टाकला तर रेषाच दिसेना. दुकानदार म्हणाला मीटर चांगला आहे, आणि तो खोटं बोलत नव्हता. सरबताला ५८ ते ९२ चा लागतो. फळांच्या सिरपला कायद्यानं किमान ६५ टक्के विद्राव्य घटक हवेत, म्हणजे मीटरवर ६५. आम्ही ६८ च्या खाली बाटली भरत नाही. कमी आलं तर साखर घालून पुन्हा दोन दिवस ढवळतो. मीटर दोन असावेत, एक पडतोच.

टिकण्यासाठी सोडियम बेंझोएट घालतो, किलो सरबताला ६०० मिलीग्रॅम. शंभर किलोला साठ ग्रॅम, म्हणजे मुठीत मावेल इतकं. किराणा दुकानाचा काटा त्यासाठी चालत नाही, ग्रॅमचा छोटा काटा घ्या. कपभर उकळून गार केलेल्या पाण्यात ते पूर्ण विरघळवायचं आणि बारीक धारेनं, ढवळत ढवळत घालायचं. एकदम ओतलंत तर आंबटपणात त्याचे पांढरे कण होऊन खाली बसतात. आंब्याच्या गराला चालतं ते केएमएस, म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, रातांब्याला वापरू नका. ते लाल रंग खातं. जांभळालाही तेच लागू.

आणखी एक. सगळं सरबत मेमध्येच बाटल्यांत भरू नका. काचेच्या बाटलीत उजेडात रंग उतरतो, ऑगस्टपर्यंत लाल वाईन मागवली आणि चहा आला असं दिसतं. पिंपात, अंधारात ठेवा आणि ऑर्डर येईल तसं भरा. हंगाम पाच आठवड्यांचा असला तरी बायांना त्यामुळे सात-आठ महिने काम मिळतं.

एका बाटलीचा हिशोब

हा मी प्रत्येकाला दाखवते, कारण इथंच लोक फसतात. आमच्या एका वर्षाचे आकडे. रातांबे १०० किलो, ३० रुपयांनी ३,००० रुपये. साल निघाली ५० किलो. साखर १०० किलो, ४४ रुपयांनी ४,४००. चिरणं, ढवळणं, गाळणं मिळून चार रोज, ४०० नं १,६००. सरबत निघालं ११० किलोच्या आसपास. ते घट्ट असतं, लिटर म्हणून मोजाल तर चुकाल. ७०० मिलीच्या ११५ बाटल्या भरल्या. बाटली, झाकण, लेबल, खोका मिळून १८ रुपये, म्हणजे २,०७०. वीज, फडकी, बेंझोएट असं किरकोळ ५००. एकूण ११,५७०. बाटलीमागे शंभरावर एक रुपया.

छापील किंमत १७० ठेवली. दुकानदार ३० टक्के घेतो, उरले ११९. भाडं आणि फूटतूट ८. हातात १११. म्हणजे नफा दहा रुपये, त्यातून जागेचं भाडं आणि कर्जाचा हप्ता जायचा. तीच बाटली मुंबईहून आलेल्या चाकरमान्यानं अंगणातून नेली तर सत्तरच्या जवळ उरतात. आम्ही म्हणून आधी मे आणि चतुर्थी हे दोन हंगाम धरतो. रेल्वे स्टेशनकडं जाणाऱ्या रिक्षावाल्यांना सांगून ठेवलंय, गाडीला अर्धा तास असेल तर पाहुण्यांना आमच्याकडं वळवा. झाकणाच्या आत लायनर असलेलीच बाटली घ्या. बॅगेत एकदा सांडलं की ते घर तुमचं गिऱ्हाईक राहत नाही, शर्टावरचा रातांब्याचा डाग जन्मभराचा.

हिशोबात अजून एक दिसेल: बाटलीतले फळाचे पैसे जेमतेम २६ रुपये आहेत. शेतकऱ्याला किलोला तीन रुपये जास्त दिलेत तर बाटली अडीच-तीन रुपयांनीच महागते. त्यामुळे "भाव परवडत नाही" असं म्हणणाऱ्या कारखानदाराकडं मी आता वेगळ्या नजरेनं बघते.

कागद

हे लवकर उरकते. अन्नसुरक्षेची नोंदणी फॉस्कॉस संकेतस्थळावर होते. आम्ही काढली तेव्हा वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असेल तर साधी नोंदणी, वर्षाला १०० रुपये. एजंट दोन हजार मागतात, गरज नाही, गावातला बारावीचा पोरगा भरून देतो. लेबलवर १४ अंकी क्रमांक, हिरवा ठिपका, घटक, निव्वळ वजन किंवा माप, उत्पादनाची आणि वापराची मुदत, छापील किंमत, पत्ता. बेंझोएट घातलं असेल तर तेही लिहायचं, लपवायचं नाही. विहिरीचं पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या, मागितलं नाही तरी. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे, पण ते चिन्ह लेबलवर लावायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून आधी नाव नोंदवावं लागतं.

२०२० साली पीएमएफएमई ही लहान अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीची केंद्राची योजना आली. प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख, कर्जाशी जोडलेलं अनुदान. गटातल्या बायकांना बीजभांडवल म्हणून प्रत्येकी ४०,००० रुपयांपर्यंत. आपल्याकडं ती कृषी विभागामार्फत चालते. सध्या अर्ज चालू आहेत का, ते आधी तालुका कृषी कार्यालयात विचारा, मग जागा बघायला निघा.

या योजनेत आम्ही एक चूक केली ती सांगते. विक्रेता म्हणाला, अनुदान आहे तर पल्पर, म्हणजे गर काढायचं मशीन, घेऊन टाका. रातांब्याला पल्पर लागत नाही, गर हातानं निघतो. पण "पुढं आंबा करू" म्हणत घेतला. आंब्याला भांडवल कधी उरलंच नाही. आज तो पल्पर शेडच्या कोपऱ्यात आहे, त्याच्या कठड्यावर बाया ॲप्रन वाळत घालतात, आणि आम्ही त्याचा हप्ता भरतो. त्या पैशात सौर वाळवणीची पॉलिहाउस आली असती आणि वळवात गेलेलं आमसूल वाचलं असतं. मशीन घ्यायच्या आधी स्वतःला विचारा: याच्यावाचून माझं कुठलं काम आत्ता, या मेमध्ये अडलंय? नाव सांगता आलं नाही तर घेऊ नका.

बिया

चिरून झाल्यावर बिया टाकू नका. धुवून कडकडीत उन्हात वाळवा, पोत्यात भरून ठेवा. हे पावसातलं काम आहे. जुलैत शेतीची लावणी आटपली की थोरल्या काकी चुलीवर मोठं भांडं ठेवतात. फोडून कुटलेल्या बिया पाण्यात उकळायच्या, वर तेल तरंगतं ते पळीनं काढायचं. गार झालं की ते पांढरट घट्ट होतं. हाताच्या मुठीत दाबून गोळा करायचा, म्हणून मुठेल. भेगाळलेल्या टाचांना यासारखं दुसरं नाही, आणि लावणीच्या चिखलात महिनाभर उभं राहिलेल्या बायकांइतकं ते दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही.

पहिली दोन वर्षं आम्ही ते विकायचं मनातही आणलं नाही, घरोघर वाटून टाकलं. मग चतुर्थीला आलेल्या एका चाकरमानीणीनं सरबताच्या चार बाटल्या घेतल्या आणि काकींच्या टाचांकडं बघत विचारलं, "हे काय लावता?" काकींनी चुलीमागची वाटी पुढं केली. "ह्या तुका फुकट," त्या म्हणाल्या, "पण फुडल्या खेपेक पैशे लागतले." पुढच्या मेमध्ये तिनं गोळे आधीच सांगून ठेवले, पंचवीस.